बुरुलकान एजेंची दहावी

जाझगुलने बुरुलकान एजेंना पहिल्यांदा पाहिलं ते भर रस्त्यात, बटाट्याच्या ट्रकला आडव्या उभ्या असलेल्या.

सप्टेंबर उतरणीला लागला होता. जाझगुल भौतिकशास्त्राची नवी शिक्षिका म्हणून बिश्केकहून सरोवराच्या दक्षिण काठावरच्या त्या गावी येत होती, आणि गावाच्या तोंडाशी तिची मिनीबस अडकली. पुढे ट्रक, आणि ट्रकच्या पुढे हात पसरून उभी असलेली एक ठेंगणी, रुंद बाई. अंगात इस्त्रीचा निळा कोट, पायात चिखलाने माखलेले रबरी बूट. ट्रकमध्ये शाळेतली मोठी मुलं दाटीवाटीने बसली होती, बटाटे काढायला निघालेली. बाई एकेकाला नावाने खाली उतरवत होती.

"तू उतर. तूही उतर. टोपी नाकापर्यंत ओढलीस म्हणून ओळखणार नाही होय मी? तुझ्या बापालाही याच वळणावर उतरवलाय."

ट्रकवालाही तिचाच जुना विद्यार्थी असावा. त्याने मुकाट्याने इंजिन बंद केलं आणि टोपी काढून हातात धरली. मुलं रांगेने शाळेकडे निघाली. मग बाईची नजर मिनीबसकडे वळली. खिडकीतला नवा चेहरा आणि मांडीवरची पुस्तकांची पिशवी पाहून तिने ओळखलं.

"भौतिकशास्त्र ना? महिनाभर उशीर केलास. चल, तिसरा तास तुझाच आहे."

गावात शिक्षिकेला एजे म्हणत, म्हणजे ताई, आणि शिक्षकाला आगाय. त्यामुळे शाळेत एजे पुष्कळ होत्या. पण नुसतं "एजे चिडल्यात" असं कोणी म्हणालं, तर कोणत्या ते विचारावं लागत नसे. बुरुलकान एजे उपमुख्याध्यापिका होत्या. मुख्याध्यापक जेनिश आगाय छप्पर, कोळसा आणि वरून येणारे पाहुणे सांभाळत. वर्ग, विषय, शिक्षक आणि मुलं हा बाकीचा सगळा संसार एजेंच्या गळ्यात होता. शाळा दोन पाळ्यांत भरे. एक तुकडी किरगीझ माध्यमाची, एक रशियन. पहिलीच्या वेळी झाडून सगळ्या पालकांना रशियन तुकडी हवी असे, आणि पाचवीपर्यंत त्यातली निम्मी पोरं दोन्ही भाषा अर्ध्या-अर्ध्या बोलत परत येत. भूगोलाचे आगाय बाजाराच्या दिवशी जर्दाळू विकत, म्हणून त्या दिवशी भूगोल ठेवायचा नाही. इंग्रजीची शिक्षिका दरवर्षी नवी येई आणि दरवर्षी लग्न होऊन जाई. पालकसभेला येत ते आजी-आजोबा, कारण आईबाप मॉस्कोला कामाला. एजे बीजगणिताबद्दल बोलू लागल्या की समोरच्या पांढऱ्या टोप्या गंभीरपणे माना डोलवत, आणि शेवटी एखादे आजोबा उठून विचारत की मुलगा वडीलधाऱ्यांना नीट सलाम करतो ना. एजे डोळे मिटत, श्वास घेत आणि करतो म्हणून सांगत.

त्या स्वतः पलीकडच्या खोऱ्यातून गणिताची पदवी घेऊन या गावात सून म्हणून आल्या होत्या. नवरा ट्रॅक्टर दुरुस्त करी. तो लवकर गेला. दोन मुलं वाढवली, तीही चिडचिड करतच. या शाळेत नववीनंतर विज्ञान नव्हतं. ज्या विषयाचा शिक्षक गावात शिल्लक असेल तो विषय मुलं शिकत. एजेंनी वर्षानुवर्षं जिल्ह्याच्या कार्यालयाचे उंबरे झिजवून विज्ञान शाखेची दहावी मिळवली. दुसऱ्या गावची एक शाळा बंद पडली, तेव्हा तिथली प्रयोगाची उपकरणं गवताच्या गाडीत घालून, काचा फुटू नयेत म्हणून स्वतः त्यांच्यामध्ये बसून घेऊन आल्या. गाव त्या वर्गाला "एजेंची दहावी" म्हणे.

जाझगुल आली त्याच्या पुढच्या ऑगस्टमध्ये ती दहावी बुडायला आली.

नियम असा की ठरलेली पटसंख्या भरली तरच शाखा उघडायची. नाहीतर विज्ञानाची मुलं सर्वसाधारण वर्गात मिसळायची, आणि भौतिकशास्त्र, रसायनशास्त्राचे तास निम्मे. त्या वर्षी नववीतली कितीतरी मुलं धंदेशिक्षणाला गेली होती. मोजून मोजून एजे एका मुलावर अडल्या. एकच कमी. आणि ते एक त्यांना दिसत होतं: इमानाली अतांची, म्हणजे इमानाली आजोबांची, नात बेगायिम. मुलगी बडबडी नव्हती, पण जाझगुलच्या तासाला तिची पेन्सिल कधी थांबत नसे, आणि भिंगाचा धडा झाला त्या दिवशी ती मधल्या सुट्टीतही भिंग सोडायला तयार नव्हती. तिच्या घरून मात्र दहावीसाठी कोणी आलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये शिक्षकांनी घरोघर फिरून मुलं नोंदवायची, ही तिकडची रीत. आणि कुठल्याही घरी गेलं की रोटीचा तुकडा तोंडात घातल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नाहीत, हीही तिकडचीच रीत. रोटीमागून लोणी येतं, लोण्यामागून मुरंबा, आणि चहा तर वाडगं उपडं घालेपर्यंत येतच राहतो. एजे गल्लीभर कुरकुरत होत्या. "पहिल्या घरी विचारलं, मुलाला कोणती तुकडी हवी? म्हणे आधी खा. दुसऱ्या घरी विचारलं, म्हणे आधी खा. हे लोक मला खायला घालून मारतील, आणि वर म्हणतील, बाई चांगली होती, पण पोराचं नाव काही तिने लिहून घेतलं नाही."

इमानाली अतांच्या घरी पोचेपर्यंत दोघींची पोटं टम्म झाली होती, आणि तिथे तर मटण शिजत होतं. बिश्केकहून बेगायिमची आत्या दामिरा आली होती. तिचा शिवणकामाचा कारखाना होता. अंगणात चार म्हातारे शेजारीही बसलेले. शिक्षिका आल्या म्हणताच अतांनी एजेंना थेट मानाच्या जागेवर, दाराच्या समोर, स्वतःच्या शेजारी बसवलं. जेवणाआधी कामाचं बोलणं बरं दिसत नाही. एजे गप्प बसून जेवल्या. जेवताना मनातल्या मनात भाषण जुळवत होत्या: मुलीची बुद्धी, गणितातली तिची गती, काराकोलची महाविद्यालयं, सगळं एका ओळीत. बेगायिम चहा ओतत होती आणि मान वर करत नव्हती.

ताटं उचलली गेली. एजे घसा साफ करून म्हणाल्या, "अता, मी जरा बेगायिमबद्दल..."

"तिच्याबद्दलच," अता म्हणाले, आणि त्यांनी दोन्ही तळहात पुढे धरले.

थोरल्यांनी जेवणानंतर आशीर्वादाला हात धरले की बाकीच्यांचेही हात वर जातात, आणि शेवटी सगळे ओमीन म्हणतात, म्हणजे तथास्तु. एजेंचेही गेले. त्यांचं मन अजून भाषणातच होतं. काराकोल आधी सांगावं की बुद्धी आधी, असं काहीतरी चाललं होतं. अता सावकाश बोलत होते. वाट मोकळी असो. पाऊल हलकं पडो. हाताला कसब येवो, सुई बोटाला न लागो, यंत्राचा दोरा न तुटो, आत्याच्या घरी नातीचा शब्द गोड राहो. जाझगुलने सुई ऐकली आणि दचकून एजेंकडे पाहिलं. पण ती कोपराने ढोसू शकेल इतकी जवळ बसली नव्हती.

"ओमीन," बुरुलकान एजे म्हणाल्या. सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने, वर्गात म्हणतात तशा खणखणीत. आणि दोन्ही हात तोंडावरून फिरवले.

मगच त्यांनी डोळे उघडले. दामिरा हसत होती. अता समाधानाने म्हणाले की, बरं झालं, पोरीचं मन जरा डळमळत होतं, आता तिच्या शिक्षिकेनंच ओमीन म्हटलंय. बेगायिमच्या हातातलं वाडगं तसंच राहिलं होतं. तिने एजेंकडे एकदा पाहिलं. रागाने नाही. बटाट्याच्या ट्रकमधून कोणी आपल्याला उतरवेल म्हणून वाट पाहिलेल्या, आणि ट्रक निघून गेलेल्या माणसासारखं पाहिलं, असं जाझगुलला वाटलं.

रस्त्यावर आल्यावर एजे तरातरा चालत सुटल्या. मग एका कुंपणाशी थांबल्या. "एवढी वर्षं पोरांच्या डोक्यात घालतेय, ऐका, मग तोंड उघडा. आणि मी? मी काय केलं? गाढवासारखी मान हलवली."

जाझगुल म्हणाली की आत जाऊन सरळ सांगू या की चुकून म्हटलं. एजेंनी तिच्याकडे पाहिलं. "शहरातली आहेस ग तू. त्या अंगणात पाच म्हाताऱ्यांनी ऐकलंय. आशीर्वाद काय खडूनं लिहिलेला असतो, फडक्यानं पुसायला?"

पुढचे दिवस शाळेत सगळ्यांनी एजेंपासून अंतर राखलं. त्यांनी वेळापत्रक दोनदा फाडलं. भूगोलाच्या आगायना बाजाराच्या दिवशी तास दिला. जेनिश आगाय समजुतीने म्हणाले की यंदा वर्ग मिसळू या, एका वर्षाने काय होतंय. त्यावर एजेंनी एवढंच सांगितलं की एकदा मिसळलेला वर्ग पुन्हा वेगळा झालेला त्यांनी कुठल्याही गावात पाहिला नाही. हे खरंच होतं. दामिरा आठवडा संपताना परत जाणार होती, बेगायिमला घेऊन.

ती जायच्या आदल्या दिवशी दुपारी एजे जाझगुलच्या दारात उभ्या राहिल्या. हातात ताजी रोटी आणि साखरेची पुडी. "चल. साक्षीदार लागेल. बोलू मात्र नकोस."

इमानाली अता जर्दाळूच्या झाडाखाली बसले होते. एजेंनी रोटी आणि साखर समोर ठेवली.

"अता, आशीर्वाद मागायला आलेय."

मागितलेला आशीर्वाद थोरल्या माणसाला नाकारता येत नाही. अता सावरून बसले. "कशासाठी ग?"

"माझ्या दहावीसाठी. वर्ग भरू दे म्हणून."

म्हाताऱ्याने एजेंकडे रोखून पाहिलं. "किती पोरं कमी आहेत?"

"एक."

बेगायिमची आजी काल्बूबू आपा दारात थबकल्या. मग अता म्हणाले, "म्हणजे माझेच हात माझ्याच हातांनी बांधायला आलीस."

"हो," एजे म्हणाल्या. "दुसरी वाट मला दिसली नाही. आणि हेही सांगते. त्या दिवशी तुम्ही काय म्हणालात ते मी ऐकलंच नव्हतं. जेवण संपलं, हात वर गेले, तोंडातून ओमीन निघालं. वर्गात पोरानं असं केलं तर मी त्याला उभं करते."

"मग राहा उभी."

आपांनी डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाला लावलं. जाझगुलला वाटलं आता बाई भडकणार. बुरुलकान एजे गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि झाडाखाली, हात बाजूला सोडून, उभ्या राहिल्या. अतांनी त्यांना खुशाल उभं ठेवलं. चहा ओतून घेतला, फुंकून फुंकून प्यायले. मग नातीला हाक मारली.

बेगायिम दारामागेच होती. अतांनी तिला विचारलं, तुला काय हवंय. ती हळू आवाजात म्हणाली की, हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं. आत्या म्हणाली शीव, एजे म्हणाल्या शीक, आणि दोन्ही तिला न विचारताच ठरलं. शिवण तिला वाईट वाटत नाही. पण तिला दहावी हवी. विज्ञानाची. मग एवढं बोलल्याबद्दल घाबरून ती पुन्हा आत पळाली.

"ऐकलंस?" अता एजेंना म्हणाले.

"या वेळी ऐकलं."

"आत्याची सुई पळून जात नाही. आधी शाळा होऊ दे, मग माझा पहिला आशीर्वादही फळेल. पण दामिराला तू सांगायचं. मी तिच्या तोंडी लागत नाही." मग त्यांनी तळहात पुढे धरले. "मोठा देत नाही. तुम्ही लोक ऐकत नाही. वर्ग भरू दे. मास्तरणींना कान येऊ देत."

"ओमीन," एजे म्हणाल्या, उभ्या उभ्याच.

दामिराने संध्याकाळी एजेंना असं काही झापलं की शेजारच्या अंगणातले लोक कुंपणाशी आले. तिची यंत्रं रिकामी होती, माणसं मिळत नव्हती, ती सबंध वर्ष या पोरीच्या भरवशावर होती. तिचंही खोटं नव्हतं. एजेंनी सगळं ऐकून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच, असं जेनिश आगाय अजून सांगतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पुन्हा वेळापत्रक लावायला बसल्या आणि भूगोलाच्या आगायना पुन्हा बाजाराचा दिवस सोडून दिला, कुरकुरत.

विज्ञानाची दहावी त्या वर्षी उघडली आणि पुढेही टिकली. बेगायिम वर्गात पहिली वगैरे कधी आली नाही. रसायनशास्त्रात तर तिची तारांबळच उडे, आणि एजे तिला चारचौघात म्हणत, "तुझ्यासाठी मी झाडाखाली उभी राहिले, आणि तू मला हे दाखवतेस?" ती खाली मान घालून हसे. आता ती काराकोलच्या एका दवाखान्यात क्ष-किरणांच्या यंत्रावर काम करते. जाझगुल अजून त्याच शाळेत आहे, आणि ऑगस्टमध्ये गल्लोगल्ली तीच फिरते.

बुरुलकान एजे निवृत्त झाल्या. बालिकचीला धाकट्या मुलाकडे राहतात, आणि तिथल्या शाळेत गणिताचा शिक्षक मिळत नाही म्हणून सकाळच्या पाळीत सातवीला शिकवतात.