चौदा गोळ्यांचे वाटे

मलपे बंदरावरची नर्स गिरिजाअक्का उंचीला एवढीशी, पण आवाज असा की बर्फाच्या कारखान्यापर्यंत जावा. काम मात्र तिचं नाजूक. गडी दहा-दहा दिवस समुद्रात, मध्येच परक्या बंदराला लागणार, न् येताना घरी काय घेऊन येतील त्याचा नेम नाही. असल्या गुप्तरोगाला औषध द्यायचं, बायकोलाही तपासायचं, न् किती जणांना झाला तो आकडा दर महिन्याला जिल्ह्याला कळवायचा. नाव नाही हो, नुसता आकडा. तरी ती दिसली की गडी जाळ्यात तोंड खुपसून बसायचे.

निरोधाची पाकिटं ती बर्फाबरोबरच बोटीवर चढवायची. बोटीचा म्होरक्या तांडेल दूमप्पा. त्याला अक्कानं एकदा विचारलं, "अण्णा, पाकिटं उपयोगी पडतात ना?"

"पडतात तर! मोबाईल घालून ठेवतो त्यात. थेंबभर पाणी शिरत नाही."

"मोबाईल वाचला, अण्णा. आता माणसं वाचवा."

त्याच बोटीवरच्या सुकेशला लघवीला आग व्हायला लागली. बायको जलजा पाच महिन्यांची गरोदर. तिला औषध दिलं, न् सुकेशला अक्कानं बजावलं, "चौदा गोळ्या, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. पुरत्या घेतल्या नाहीस तर हिला परत होईल. बाळाचे डोळे गेले तर काय करशील?"

सुकेश गोळ्या घेऊन समुद्रात गेला. दहा दिवसांनी आला, तर आग तशीच! जलजा बिचारी पदरानं डोळे पुसत उभी.

"फेकल्यास गोळ्या?" अक्का कडाडली.

"देवाशपथ नाही! दोन घेतल्या."

"न् बाकीच्या बारा?"

"वाटल्या."

आता बघा, बोटीवर काहीही चढलं की त्याचे वाटे पडायचे. बांगडा असो, विडी असो. गोळ्यांची पुडी दिसली न् दूमप्पानं हिशोबानं वाटली की! पाच गड्यांना दोन-दोन, न् तांडेलाचे नेहमीप्रमाणे दोन वाटे, म्हणून त्याला चार.

"सगळ्यांनाच आग होत होती का रे?"

"तसं कुणी म्हणालं नाही, अक्का. पण नकोही कुणी म्हणालं नाही."

अक्काला हसू आवरेना. पण अर्धवट औषधानं रोग काय जातोय! तशीच धक्क्यावर गेली. दूमप्पा जाळं शिवत होता.

"अण्णा, चार गोळ्या घेतल्यात म्हणे. आजारही दोन वाट्यांचाच आहे का?"

गडी खो-खो हसले. "मला काही झालेलं नाही!" दूमप्पा गुरगुरला.

"मग माझ्या चार गोळ्या टाका परत."

सुई थांबली. मग हळूच म्हणाला, "घरी कळेल?"

"माझ्याकडून नाही. पण वहिनींनाही तपासावं लागेल, अण्णा. सांगायचं तुम्हीच, मी शेजारी बसते. न् गोळ्या वाटून घेतल्यात ना, मग तपासणीही वाटून घ्या. सहाच्या सहा या."

आले! खाली माना घालून, पण आले. चौघांना निघालं, दूमप्पा त्यातलाच. त्या बोटीचा खरा आकडा वहीत पहिल्यांदाच पडला. घरोघरच्या बायकाही तपासल्या. ज्याच्या त्याच्या हातात आपापल्या पुरत्या गोळ्या दिल्या, न् समुद्रात दूमप्पा दोन्ही वेळा पेजेआधी एकेकाचं तोंड उघडून बघायचा, गिळली की नाही. सुकेश बरा होईपर्यंत जलजाजवळ न जाता आईकडे झोपला. आईनं कारण विचारलं तर म्हणे, हिला माझं घोरणं सोसत नाही.

दोघांचीही तपासणी परत केली, ती स्वच्छ आली. मग पूर्ण दिवस भरून जलजाला मुलगी झाली. अक्का बघायला गेली, तर पोरीनं टपोरे डोळे उघडून तिच्याकडे टक लावून बघितलं, न् असं भोकाड पसरलं की दारात टोपली घेऊन उभा दूमप्पा म्हणाला, "अक्का, आवाज तुमचाच घेतलाय."

टोपलीत बांगडे. तांडेलाचे दोन्ही वाटे.

"न् पाकिटं?" अक्कानं विचारलं.

"मोबाईल आता डब्यात ठेवतो," म्हणाला, न् लाजून गेला निघून.