पाडव्याआधी वाकलेलं कोपर

१८ मार्च १९९६, सोमवार, सकाळी साडेनऊ. वाशीतल्या आमच्या हॉस्पिटलचा फिजिओथेरपी विभाग.

हजर: मी, फिजिओथेरपिस्ट. डॉ. सामंत, हाडांचे सर्जन. दत्ता साळुंखे, पेशंट, वय बत्तीस, मसाला मार्केटमधला माथाडी, मूळचा पाटणकडचा. आबा, दत्ताच्या तेरा जणांच्या टोळीचे मुकादम. हजर पण कामावर नाही: दत्ताचा उजवा हात.

"वाकवा कोपर," डॉक्टर म्हणाले.

दत्ताने मूठ आवळली, मनगट आत वळवलं, दात खाल्ले आणि कोपर वाकलं. चांगलं अर्ध्यापर्यंत.

"वाकला! म्या सांगितलं नव्हतं?" आबांनी टाळी वाजवली.

"अरे वा," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "मग गुरुवारचं ऑपरेशन रद्द करू."

मी मात्र माझ्या वहीकडे बघत होते. चार मार्चच्या नोंदीत कोपर वाकवणाऱ्या दंडाच्या स्नायूपुढे शून्य होतं, म्हणजे हालचालच नाही. शून्यावरून पंधरा दिवसांत एवढी मजल कोणी मारत नाही.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. मानेतून पाच नसा निघतात. कॉलरबोनच्या आसपास त्या एकमेकींत मिसळतात, फुटतात, पुन्हा मिसळतात आणि मग हातभर पसरतात. दोरखंडाचे पीळ कल्पावेत. वरचा पीळ खांदा उचलतो आणि कोपर वाकवतो. खालचा पीळ बोटं चालवतो. नोव्हेंबरात थप्पीवरून, म्हणजे रचलेल्या पोत्यांच्या ढिगावरून, धण्याचं पोतं निसटून दत्ताच्या उजव्या खांद्यावर आलं. खांदा खाली दबला, मान डावीकडे फेकली गेली आणि वरचा पीळ ताणला गेला. हाड एकही मोडलं नाही. दत्ता चहाचा ग्लास हातात घट्ट धरायचा, पण तोंडापर्यंत नेता येत नव्हता.

ताणलेली नस तुटली नसेल तर हळूहळू जागी होते, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. तुटली असेल तर वाट बघून उपयोग नाही. पायाची एक नस काढून तिथे जोडावी लागते. ते ऑपरेशन मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात गुरुवारी ठरलं होतं. आजची तपासणी त्यासाठीच होती. नस तुटलेली असताना ऑपरेशन रद्द केलं, तर हात कायमचा जाणार. नस जागी होत असताना कापली, तरी नुकसानच.

"सर, एक मिनिट," मी म्हटलं. "टोपण लावून ठेवा."

दत्ताच्या दंडावर मी बोट ठेवलं. "पुन्हा वाकवा."

कोपर वाकलं. दंड मात्र मळलेल्या कणकेसारखा मऊच राहिला. काम करत होते ते मनगटाचे स्नायू. ते कोपराच्या जरा वरून निघतात. मूठ आवळून मनगट वळवलं की तेच कोपराला थोडं ओढतात. आमच्या भाषेत ही ट्रिक मूव्हमेंट. त्यांच्या नसा खालच्या पिळातल्या, म्हणजे शाबूत.

"हे कोणी शिकवलं, दत्ताभाऊ?"

दत्ता जमिनीकडे बघू लागला. आबा खाकरले.

"म्या घेतली प्र्याक्टिस. रोज दुपारच्याला, गोदामामागं. काय चुकलं, म्याडम? हात वाकला न्हवं?"

"हा हात नाही वाकला, आबा. मनगटाने खेचला."

"पोतं कुणीबी खेचू दे, गाडीत पडल्याशी मतलब."

डॉक्टर हसले. मी नाही हसले. "आबा, खरं सांगा. घाई कसली आहे?"

खरं ते असं होतं. चार महिने दत्ताच्या वाट्याची पोती बाकीचे बारा जण वाटून उचलत होते. कोणी तक्रार केली नव्हती. पण पाडव्यापर्यंत थांबायचं आणि मग बदली माणूस घ्यायचा, असं टोळीत ठरलं होतं. बदली एकदा आला की दत्ताची जागा गेली. पाडवा परवावर होता. आबांना टोळीला दाखवायला डॉक्टरची चिठ्ठी हवी होती, हात वाकतो एवढीच.

"म्हणून गुरुवारचं ऑपरेशन घालवत होतात?" डॉक्टर आता चिडले. "अहो, हात गेला असता त्याचा!"

"जागा गेल्यावर हात घिऊन काय करू, सायेब?" दत्ता पहिल्यांदाच बोलला.

मी म्हटलं, "आधी नीट तपासू."

दुबळा स्नायू हाताचं वजन उचलू शकत नाही. म्हणून हात काखेच्या उंचीच्या टेबलावर आडवा ठेवायचा, खाली गुळगुळीत फळी, फळीवर पावडर. मग उचलायचं काही उरत नाही, फक्त सरकवायचं. फळी होती. पावडरचा डबा रिकामा होता. तो आणायचं माझ्या यादीत आठवडाभर लिहिलेलं होतं. शेवटी एक्स-रेवाल्यांच्या कॅरमची बोरिक पावडर मागून आणली. त्यांचा गेम थांबला, आणि निकाल बघायला ते दोघेही दारात येऊन उभे राहिले.

"मूठ उघडा. बोटं सैल. मनगटाला सुट्टी. आता नुसतं कोपर."

काही नाही. दत्ताच्या कपाळावर घाम आला.

"पुन्हा."

काही नाही. मग माझ्या बोटाखाली दोरी ताणल्यासारखं काहीतरी उमटलं. पांढऱ्या पावडरवर करंगळीची रेघ उठली. चार बोटं लांब असेल.

"सर, बोट ठेवा इथे."

डॉक्टरांनी बोट ठेवलं. तीनदा करून घेतलं. तीनही वेळा रेघ उठली.

"आता हा खरा," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले. इतका वेळ ते उभेच होते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

आबांना ती रेघ फारच छोटी वाटली. "एवढ्यावर टोळी ऐकंल व्हय?"

"खरं लिहून देतो, ते वाचून दाखवा," डॉक्टर म्हणाले. चिठ्ठीत तीन वाक्यं होती. नस जागी होत आहे. ऑपरेशन सध्या नको. कामावर यायला वर्षही लागेल.

पाडव्याला आबांनी ती बारा जणांसमोर वाचली. टोळीने आणखी एक वर्ष वाटून उचलायचं कबूल केलं. फसवलं असतं तर महिन्याभरात उघडं पडलं असतं, हे आबांनी स्वतःच मला नंतर सांगितलं, जणू तो शोध त्यांचाच होता.

दिवाळीत दत्ता आला तेव्हा त्याने माझ्याच टेबलावरचा चहा उचलून पिऊन दाखवला. पुढच्या पाडव्याला त्याने पुन्हा पाठीवर पोतं घेतलं, आधी हलकं.

तेव्हापासून मी कोणालाही "हात वाकवा" म्हणण्याआधी विचारते, "नाही वाकला तर काय होईल?" उत्तर मिळालं की तपासणी निम्मी होते.

त्या दिवसाच्या यादीत पाच कामं होती. चारांवर खूण आहे, पावडरवरसुद्धा. पाचवं: मार्केटमध्ये जाऊन थप्पीच्या उंचीबद्दल आणि पोतं अंगावर घेताना मान कशी ठेवायची याबद्दल सगळ्या टोळ्यांशी बोलणे. आबा म्हणाले होते, "या की, चहा पाजतो." ते काम दर वर्षी मी नव्या वहीत उतरवते. अजून गेलेली नाही.