व्हय म्हटलं आणि गाडी सुटली

वास्तुकला शिकायला मी रोमला जाणार म्हटल्यावर बोरगावातला जो तो आमच्या आप्पांना शहाणपण शिकवायला आला. तंबाखूच्या वखारीत बसायचं सोडून पोरगं परमुलखात कशाला? आप्पा, म्हणजे माझे वडील, शेवटी एका अटीवर कबूल झाले. आम्ही जैन, मांस वर्ज्य आणि दिवस मावळल्यावर जेवण नाही. हा नेम तिकडे पाळलास तर तुझ्या धाकट्या बहिणीला, पद्मालाही बेळगावच्या हायस्कुलात घालू, नाहीतर या घरातलं शिक्षण इथंच संपलं. पद्मा दाराआड उभी राहून ऐकत होती. तिची शाळा आता माझ्या पोटावर अवलंबून होती.

कोल्हापूरहून रेल्वेनं मुंबई, तिथून बोटीनं नेपल्स, पुढं पुन्हा रेल्वे. जाणाऱ्यांनी लोणचं भरपूर न्यावं. बोटीवर उकडलेल्या बटाट्याला तेवढाच आधार. रोममध्ये पाण्याची चिंता नाही, रस्त्यारस्त्यावर नळ अखंड वाहतात. मात्र भाजीच्या कढणातही मांसाचं पाणी असतं, तेव्हा ‘सेन्झा कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, हे दोन शब्द आधी पाठ करावेत. हरभऱ्याची उसळ मिळते आणि ती झकास असते.

माझी घरमालकीण विधवा, तोंडानं तिखट. माझा नेम ऐकून तिनं कपाळावर हात मारला, पण उजेड असतानाच मला वाढायची. हिवाळ्यात तिकडे सूर्य आपल्या चहाच्या वेळेलाच बुडतो, त्यामुळे तिचीही धावपळ व्हायची.

एका रविवारी तीच म्हणाली, पडक्या भिंती एकटा किती बघशील, आज मी दाखवते. घोडागाडी ठरवून आम्ही शहराबाहेरच्या आप्पियन रस्त्याला लागलो. काळ्या दगडांचा हा रस्ता दोन हजार वर्षांचा. मी खाली वाकून बघितलं तर दगडात चाकोऱ्या पडलेल्या. निपाणीच्या बाजाराला जाताना आमच्या बैलगाड्या अशाच चाकोऱ्या पाडतात, फक्त मातीत. रोमचा दरारा माझ्या मनातून तिथंच उतरला आणि रोम आवडायला लागलं.

मी पुन्हा गाडीत बसलो. घरमालकीण मात्र रस्त्याकडेची रानभाजी खुडत मागे राहिली होती, जेवणाची पिशवी तिच्याच हातात. गाडीवानानं विचारलं, छान आहे ना? माझे डोळे चाकोऱ्यांवर. तोंडातून गावची सवय बाहेर पडली, “व्हय, व्हय.”

त्यानं चाबूक उडवला. त्यांच्या भाषेत ‘वाय’ म्हणजे चल.

मी “न्हाय, न्हाय” ओरडलो, तर त्याला तेही ‘वाय’च ऐकू आलं आणि गडी खुशीत गायला लागला. थांब म्हणायचा शब्द ऐन वेळी आठवेना. अखेर त्याचा कोट ओढला, पण घोड्याला तबेल्याची ओढ लागलेली, तो माघारी वळेना. मी उडी मारली आणि पळत सुटलो.

अर्ध्या वाटेत ती भेटली, धापा टाकत, मला शिव्या देत. तोवर सूर्य झाडांमागे बुडाला होता. सकाळपासून माझ्या पोटात फक्त दूध. तिनं पाव पुढे केला. म्हणाली, “आत्ताच तर बुडालाय. तुझ्या घरच्यांना काय इथलं दिसतंय?”

खरं सांगतो, हात पुढे गेला होता. मोडक्या इटालियनमध्ये मी तिला पद्माच्या शाळेचं सांगितलं. तिनं पाव पिशवीत परत ठेवला.

“तर मग मलाही भूक नाही,” ती म्हणाली. आणि घरी पोचेपर्यंत तिचं पोट गुरगुरत होतं. आम्ही दोघं हसत हसत चालत आलो.

कलोसियमची मापं पाठ केली होती, ती आता आठवत नाहीत. त्या बाईचं गुरगुरणारं पोट आठवतं, आणि फार माया वाटते.

परत आलो त्या दिवशी घराच्या पुढच्या सोप्यात बसून आप्पांनी विचारलं, “नेम पाळलास न्हवं रं?”

“व्हय.”

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. शाळा उघडायच्या सुमारास मी पद्माला घेऊन निपाणीहून बेळगावच्या मोटारीत बसलो. ड्रायव्हर म्हणाला, “सगळी बसली काय?” या खेपेला मी आधी मागं वळून बघितलं. पद्मा ट्रंक मांडीवर घेऊन खिडकीशी बसली होती.

“व्हय,” मी म्हणालो, आणि गाडी सुटली.