चंदगडच्या वळणावरचा माणूस

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. लेकीला नाही, पाठच्या बहिणीला नाही. विहारात सगळ्यांबरोबर पंचशील म्हणते, आणि खोटं न बोलण्याच्या शीलाला आले की घसा खाकरते. शेजारच्या बाईला वाटतं, हिला खोकला आहे. खोकला कसला आलाय? तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून तुम्हाला सांगायचं धाडस करते. पण मला मुद्द्यावर यायला वेळ लागेल, तेवढं सोसा.

आमचे हे कोल्हापूरच्या उद्यमनगरात फिटर होते. कामावरून आले की पुन्हा आपली फटफटी पुसत बसायचे. शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमाराला त्यांनी काढलं — फटफटीवरून कन्याकुमारीला जायचं, आणि वाटेत तंबू ठोकून राहायचं. नणंद म्हणाली, "वैनी, लॉजं बंद पडलीत व्हय सगळी?" गल्ली महिनाभर हसत होती. पण मला हौस आली. ताडपत्री आणि जुनी मच्छरदाणी जोडून तंबू मीच शिवला. मशिनच्या दोन सुया मोडल्या. लग्नाला बावीस वर्षं झालेली, आणि तेवढ्या वर्षांत आम्ही दोघंच असे कधी कुठं गेलोच नव्हतो. सासू, दीर, मुलं, पाहुणे — सदा कुणीतरी असायचंच.

आता बसण्याचं सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. मी साडीत, एका बाजूला पाय सोडून बसायची. म्हणजे समोरचा रस्ता ह्यांचा आणि डावी बाजू माझी. वाऱ्यात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून आमची खूण ठरलेली. खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांबा.

आणि ह्यांचा स्वभाव असा, की रस्त्यात कुणाची गाडी बंद दिसली की हे उतरलेच. पान्ह्यांची पिशवी सोबत असायचीच. पहिल्याच दिवशी कागलच्या पुढं एकाचं पंक्चर काढलं. गडहिंग्लजजवळ एक जीप बंद पडलेली, तिच्यात दोन तास गेले. मी मैलाच्या दगडावर उन्हात बसलेली. घरात नवरा दुसऱ्यांचा, आणि आता इथंही — बॉनेटात डोकं घालून. मी धुमसत होते. दिवसाउजेडी घाट उतरून तंबू ठोकायचा, मी केलेल्या दशम्या दोघांनी निवांत खायच्या, एवढंच मला पाहिजे होतं. एवढंच तर होतं — पण बघा, मी आत्तापासूनच सारवासारव करायला लागले. नको.

चंदगड मागं पडलं होतं. दुपारचे तीन असतील. रस्ता उजवीकडं वळत होता, ह्यांची नजर वळणावर. डाव्या हाताला करवंदीची जाळी होती आणि तिच्या पलीकडं चर. जाळी ओलांडून गाडी पुढं गेली आणि मला चरात एक सायकल दिसली, चाकं वर. तिच्याशेजारी एक माणूस, अर्धा बसलेला, अर्धा पडलेला. कपाळावर रक्त. त्यानं माझ्याकडं बघून हात वर केला.

मी बघितलं. त्यानंही मला बघितलं. माझा हात ह्यांच्या खांद्यावरच होता की! नुसती दोन बोटं हलवायची होती.

नाही हलवली.

पुढं कितीतरी वर्षं मी मनाशी म्हणत आले, की मला तो प्यालेला वाटला. खोटं आहे ते. त्या वेळी मला तसं काही वाटलं नव्हतं. मला एवढंच वाटलं, की आता हे थांबले तर आजचा दिवस गेला. आणि मी मान फिरवून साडीचा पदर नीट करत बसले.

तंबू दिवसाउजेडी ठोकला. दशम्या खाल्ल्या. हे म्हणाले, "शांते, अशी मजा जन्मात न्हाई आली." मी हसले. मला हसता आलं.

बारा-तेरा दिवसांनी परत त्याच वाटेनं आलो. वळणाच्या अलीकडं एका बाईचं चहाचं खोपटं होतं, तिथं टेकलो. बाई बोलकी. म्हणाली, "पावणं, गाडी जपून हाणा. म्होरल्या वळणावर मागल्या पंधरवड्यात एक माणूस गेला बघा. दुपारधरनं चरात पडलाता. सांजच्या एष्टीवाल्यांनी उचलला, पर दवाखाना काय गाठला न्हाई. म्हणत हुता म्हणं, एक फटफटी गेली, मागं बाई आन् ताडपत्रीचं गाठोडं—"

आणि तिची नजर गाठोड्यावर गेली. आमची गाडी तिच्या समोरच उभी होती.

हे माझ्याकडं वळले. "तुला दिसलाता काय गं?"

"न्हाई हो. माझा डोळा लागलाता." एवढ्यावर थांबायचं होतं. पण मी भ्याले होते, आणि भ्यालेलं माणूस पुढं पुढं बोलत जातं. मी म्हणाले, "पुढं बसणाऱ्याला दिसाय पायजे की ते."

पुढं बघत चालवणाऱ्याला तो दिसणारच नव्हता, हो. जाळीच्या आड होता तो. हे मला ठाऊक होतं, फक्त मलाच ठाऊक होतं, आणि तरी मी ते बोलले.

ह्यांनी चहा तसाच ठेवला. पत्ता विचारत त्या माणसाच्या घरी गेले. मीही मागोमाग. त्याच्या बायकोपुढं हे हात जोडून उभे राहिले. "माझी नजर चुकली ताई," म्हणाले. ती बाई रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "असूं दे दादा, तुमच्या ध्यानात आलं नसंल. मुद्दाम कोण सोडून जातंय?" मी उंबऱ्याजवळ बसून तिच्या हातचं पाणी प्याले.

कोल्हापुरात आल्यावर ह्यांनी पहिल्यांदा डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, नजर चांगली आहे. ह्यांना ते पटेना, दुसऱ्या डॉक्टरकडं गेले. नंतर हळूहळू फटफटी चालवायचंच सोडलं. त्याआधी मी मागं बसले की दर वळणाला गाडी थांबवून चरात बघून यायचे. मी रोज बघायची. रोज वाटायचं, आज सांगू. आज पाहुणे आलेत, उद्या सांगू. अकरा वर्षं गेली अशी.

शेवटच्या आजारात एकदा सकाळी मी पेज भरवत होते. मध्येच म्हणाले, "शांते, त्या दिवशी खरंच झोपलीवतीस न्हवं?"

मी म्हणाले, "व्हय."

"बरं झालं," म्हणाले. "तुला दिसला असता तर तुला सोसलं नसतं."

मी पुढचा चमचा भरला. मला सोसलं होतं.