फ्रिजच्या दारातलं पेन

विसरणं माझ्या स्वभावात नाही. उल्हासनगरच्या कापड बाजारात माझ्या नणंदेनं जे तोंड सोडलं, त्याची परतफेड केल्याशिवाय राहायचं नाही, असं मी परतीच्या रिक्षात बसतानाच ठरवलं होतं.

नणंद म्हणजे आमच्या ह्यांची मोठी बहीण. सगळे त्यांना ताई म्हणतात, मीही. त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि आम्ही दोघी मानपानाच्या साड्या बघायला गेलो होतो. दुकान गच्च भरलेलं. गादीवरच्या सिंधी शेठनं मला विचारलं, मॅडम, आपके लिए क्या दिखाऊं. मी तोंड उघडायच्या आत ताई म्हणाल्या, "इनके लिए पर्दे का कपडा दिखाओ. साडी कहां पुरेगी इनको." शेठ हसला. शेजारी बसलेल्या दोन अनोळखी बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले. तीच तर चीड आहे. मी हसले, आणि ताईंना अंबरनाथला सोडून बदलापूरला घरी पोचेपर्यंत माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

तेव्हा माझं वजन ब्याण्णव किलो होतं. शुगर काठावर, जिना चढताना गुडघे कुरकुरायचे. डॉक्टर मॅडम कधीपासून वजन उतरवायच्या, आठवड्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनचं सुचवत होत्या आणि मी टाळत होते. दुसऱ्याच दिवशी शाळेतून हाफ डे टाकला (मी शाळेच्या ऑफिसात आहे) आणि त्यांच्यासमोर जाऊन बसले. म्हटलं, द्या. तब्येतीचं वगैरे नंतर. लग्नात ताईंच्या नाकावर टिच्चून माझ्या स्वतःच्या लग्नातला शालू नेसायचा होता. शालू काय, कुणालाही पुरतो. ब्लाउज व्हायला हवा होता.

मॅडमनी आधी उलटतपासणी घेतली. घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर होता का, स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का, पित्ताशयात खडे आहेत का. मी म्हटलं, मला नाहीत, नणंदेला आहेत. दोन वर्षांपूर्वी सोनोग्राफीत दिसले, ऑपरेशन मुलाच्या लग्नानंतर करू म्हणून लांबवलंय. मॅडम हसून म्हणाल्या, नणंदेला कुठे देतोय आपण.

मी रागीट असेन, धांदरट नाही. मॅडमनी सांगितलं ते सगळं वहीत लिहून घेतलं. सुरुवातीला सगळ्यात छोटा डोस, महिनाभर तोच, आणि पुढची पायरी त्या सांगतील तेव्हाच. इंजेक्शन येतं पेनासारखं, एका पेनात चार डोस. नवं पेन फ्रिजमध्ये ठेवायचं, पण बर्फाच्या कप्प्याला टेकवून नाही, गोठलं की ते फेकायचं. मी वार गुरुवार धरला, कारण गुरुवारी आमच्याकडे तसंही साधं जेवण असतं. पेन थोडा वेळ आधी बाहेर काढायचं, नवी सुई लावायची, एका गुरुवारी उजवी मांडी, पुढच्या गुरुवारी डावी, मग पोट. बटण दाबून मनात सावकाश दहापर्यंत मोजायचं, मग सुई काढायची. ती पेनावर तशीच ठेवायची नाही. माझ्याकडे एक जाड प्लॅस्टिकचा डबा होता, त्यात टाकायची आणि डबा भरला की दवाखान्यात द्यायचा. आणि दोन गोष्टींखाली मॅडमनी स्वतः रेघ मारली होती. पेन एकाच माणसाचं, सुई बदलली तरी दुसऱ्यानं वापरायचं नाही. पोटात वर जोरात दुखून कळ पाठीत गेली तर वाट बघायची नाही, सरळ हॉस्पिटल.

पहिले काही दिवस मळमळलं. मग भूक अशी गेली की भरलेलं ताट बघून मलाच नवल वाटायचं. तीन महिन्यांत दोन पायऱ्या चढले, आठ किलो उतरले. ताईंना मुद्दाम काही कळवलं नाही.

आणि मग ताईच राहायला आल्या. लग्नाआधी त्यांच्या अंबरनाथच्या घराच्या फरश्या बदलायच्या होत्या, महिनाभराचं काम. भाऊ आहे तर त्याच्याकडे जायचं, यात मला विचारायचं काय? बदलापुरात सोनिवलीजवळ आमचं वन बीएचके. हॉलमधला दिवाण त्यांचा झाला. आल्या त्या दिवशी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, काय गं, आजारी होतीस का? कौतुक नाही हो, आजार!

पहिल्या गुरुवारी मी पेन घेऊन बसले तेव्हा त्या शेजारी येऊन बसल्या. मलाही मिरवायची हौस. सगळं दाखवलं. आकडा कसा फिरवायचा, सुई कशी लावायची, किती किलो गेले. त्यांनी एवढंच विचारलं, दुखतं का. मी म्हटलं, मुंगी चावल्यासारखं. पायरी पायरीनं चढायचं असतं हे सांगितलं की नाही, ते आठवत नाही. पुष्कळ आठवून बघितलं.

पुढच्या आठवड्यात ताईंना उलट्या सुरू झाल्या. जेवणावर बसायच्या, दोन घास खायच्या आणि उठायच्या. आणि दोष कुणाला? माझ्या स्वयंपाकाला. शेजारणीला सांगितलं, हिच्या हातचं तेलकट, पोटात ठरत नाही. मुलाला फोनवर सांगितलं. मग ह्यांना सांगितलं, आणि हे अंबरनाथच्या कंपनीतून ड्युटी करून आलेले, मला म्हणाले की जरा तेल कमी घालत जा. मी शाळेतून येऊन, पदर खोचून, त्यांच्यासाठी वेगळी मऊ खिचडी करत होते तेव्हा. डोक्यात अशी तिडीक गेली, काय सांगू.

तिसऱ्या गुरुवारी पेन फ्रिजच्या दारातून काढलं आणि जागीच थबकले. पेनावर सुई तशीच होती. मी कधीच ठेवत नाही. पेनाच्या बारक्या खिडकीतून बघितलं तर औषध खाली गेलेलं. चार डोसांचं पेन, माझे दोन झाले, दोन उरायला हवे होते. एकच होता. मी इतक्या महिन्यांनी ज्या आकड्यावर पोचले होते, त्यावर ताईंनी थेट उडी मारली होती. मागच्या गुरुवारी माझं झाल्यावर, कधीतरी माझ्या पाठीमागे.

मॅडमना फोन केला. विचारलं, दुसऱ्या कुणी चुकून पेन वापरलं तर? त्या म्हणाल्या, पेन टाकून द्या, नवं घ्या, दोघांनीही रक्त तपासा, आणि ज्यांनी घेतलं त्यांना ताबडतोब माझ्याकडे पाठवा. कोण आहे? मी म्हटलं, कुणी नाही, असंच विचारून ठेवलं.

आता ऐका मी काय केलं. नवं पेन आणलं. ते एका डब्यात घालून भाजीच्या ट्रेमध्ये, कोथिंबिरीखाली लपवलं. आणि जुनं पेन, एक डोस उरलेलं, सुई काढून, टोपण लावून, पुन्हा फ्रिजच्या दारात ठेवलं. होतं तिथेच. मी काही टोचलं नाही त्यांना. फक्त ठेवलं. म्हटलं, घे, आणखी घे, ओक चांगली, आणि सांग जगाला माझं तेल जास्त होतं म्हणून. शनिवारी सकाळी बघितलं, पेन रिकामं होतं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.

रविवारी ताईंचे होणारे व्याही आणि विहीणबाई जेवायला आमच्याकडे येणार होते. मी पुरणपोळ्यांचा घाट घातला. वर तुपाची धार, कटाची आमटी, भजी. ताईंचा चेहरा सकाळपासून पांढराफटक. पंगत बसली आणि मी वाढायला उभी राहिले. विहीणबाईंसमोर ताई ताटातलं टाकू शकत नव्हत्या, उठू शकत नव्हत्या, आणि का जात नाही ते सांगूही शकत नव्हत्या. मी अगदी लाडानं आग्रह करत होते. ताई, अजून एक. ताई, तुम्हाला माझ्या हातचं आवडत नाही का? विहीणबाई म्हणाल्या, किती प्रेमानं वाढतायत वहिनी, घ्या ना. ताईंनी तीन पोळ्या खाल्ल्या. प्रत्येक घासाला डोळे मिटून गिळत होत्या आणि मी तुपाचं भांडं घेऊन उभी होते. ते पडद्याचं कापड तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे होतं. चांगली जिरली, असं मी मनात म्हटलं.

पाहुणे चारला गेले. पाचला ताई बाथरूमच्या दारात वाकून बसल्या. मला वाटलं, होऊ दे. मग त्यांनी एक हात पोटावर आणि दुसरा मागे पाठीवर नेला आणि त्यांच्या तोंडून आवाज आला, तो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. वहीतली रेघ मारलेली ओळ माझ्या डोळ्यांसमोर आली. हे म्हणत होते, अपचन असेल, सोडा दे. मी रिक्षा बोलवायला अनवाणी खाली पळाले.

हॉस्पिटलमधल्या तरुण डॉक्टरनं विचारलं, कुठली औषधं चालू आहेत? ताईंनी मान हलवली, काही नाही. त्यानं पुन्हा विचारलं. त्या पुन्हा नाही म्हणाल्या. मी त्यांच्याकडे बघितलं आणि सांगितलं की आठवड्याचं वजनाचं इंजेक्शन घेतलंय, मोठ्या आकड्यावर, दोन डोस, शेवटचा परवा किंवा काल, पित्ताशयात खडे आहेत आणि दुपारी तुपाच्या पोळ्या झाल्यात. हे माझ्याकडे बघत राहिले. ताईंनी डोळे मिटले.

स्वादुपिंडाला सूज होती. खड्यांमुळे, इंजेक्शनमुळे की कशामुळे, ते नेमकं सांगता येत नाही असं डॉक्टर म्हणाले. दोन दिवस नीट काही सांगत नव्हते. सलाइनची नळी, तोंडातून पाण्याचा थेंब नाही, आणि मी शेजारच्या स्टुलावर. त्या दोन दिवसांत मी देवाला काय काय कबूल केलं, ते माझं मला माहीत. लग्न मोडू दे, मला शंभर किलोची कर, पण हिला नेऊ नको म्हटलं. एकाच पेनातून काही लागण झाली नाही ना ते बघायला ताईंबरोबर माझाही रक्ताचा नमुना दिला. दोघींचे रिपोर्ट चांगले आले, तीन महिन्यांनी पुन्हा करायला सांगितले.

तिसऱ्या दिवशी दुखणं उतरलं. हे चहा प्यायला खाली गेले होते. ताई छताकडे बघत म्हणाल्या, "तुला कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "पोळ्यांच्या रविवारआधीच्या गुरुवारी."

त्यांनी मनात दिवस मोजले. ओठ हलताना मला दिसले. "म्हणजे पेन तू परत ठेवलंस. आणि पोळ्या वाढल्यास तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

मी वाट बघत होते. शिव्या देतील, भावाला बोलावतील, घरातून काढा म्हणतील. मी तयार होते. मला हवंच होतं ते. त्यांनी कूस बदलली आणि झोपल्या.

त्या बऱ्या झाल्या. लग्न ठरल्या तारखेलाच अंबरनाथच्या हॉलमध्ये झालं. ब्लाउज मला झाला, कुणाचं लक्ष गेलं नाही. मानपानाच्या वेळी ताईंनी माइक मागून घेतला आणि सगळ्या गोतासमोर सांगितलं की माझी भावजय नसती तर आज मी नसते. हिनं मला वाचवलं. टाळ्या झाल्या. ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ताईंनी पहिली साडी माझ्या ओटीत घातली, भारीतली, आणि माझा हात धरला, तो सोडेचनात.

मी ह्यांना खरं सांगून बघितलं. दोनदा. पेनाचं सांगितलं, पोळ्यांचं सांगितलं. हे म्हणतात, तू उगाच मनाला लावून घेतेस, ताई सगळ्यांना सांगते, तुझ्यामुळेच जगले म्हणून.

आता दर गुरुवारी संध्याकाळी त्यांचा फोन येतो. एकही गुरुवार चुकलेला नाही. आवाज मधाळ. जेवलीस का, घेतलंस का इंजेक्शन, मळमळत नाही ना. मी म्हणते, हो ताई, घेतलं.

"बरं झालं," त्या म्हणतात. "आणि पेन आत ठेव हं नीट. कुणाला दिसेल असं ठेवू नकोस."