नाव सोडून सगळं

आमच्या कॉलेजात संशोधन हा शब्द दोनच प्रसंगी ऐकू येतो. एक, बढतीची फाइल भरताना आणि दुसरा, तपासणी समिती यायची असते तेव्हा. एरवी आम्ही शिकवतो, पेपर तपासतो आणि संध्याकाळी आपापल्या गावी जातो. मी नागावला जाते. मी मराठी शिकवते, आणि मराठीच्या बाईला संशोधनासाठी निधी द्यावा असं आजवर कुणाला सुचलेलं नाही. म्हणून चार विषयांनी मिळून काम केलं तरच निधी, अशी एक योजना आली आणि अर्थशास्त्राचे सर माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "मॅडम, साहित्याची बाजू तुम्ही सांभाळा," तेव्हा मी हुरळून गेले. किती हुरळले होते ते आठवलं की आजही लाज वाटते.

विषय ठरला मिठागरांच्या गावातल्या बायका. अलिबाग आणि पेणच्या मधल्या खारेपाटातलं एक गाव निवडलं. मिठागरं जवळजवळ संपलेली, जमिनींवर भराव पडत चाललेले, घरटी एखादा डंपर नाहीतर ट्रक. अर्थशास्त्राच्या सरांना बघायचं होतं, मीठ गेल्यावर बाईच्या हातात काय उरलं. वाणिज्य विभागाचे तरुण सर गावच्या तळ्यातल्या जिताडा माशाच्या प्रेमात पडले; त्याचा ब्रँड कसा करता येईल हे ते प्रत्येक जेवणानंतर समजावून सांगायचे, आणि जेवणात बहुतेक वेळा जिताडाच असायचा. आरोग्याची बाजू नर्सिंग कॉलेजातल्या एका डॉक्टरीणबाईंकडे होती. त्या कमी बोलायच्या. बायकांना एकेकीला आतल्या खोलीत न्यायच्या, दार लावायच्या आणि बाहेर आल्यावर कुणाबद्दल अवाक्षर काढायच्या नाहीत. आम्ही बाकीचे गाडीत बसलो की तोंडाचा पट्टा सुरू. त्या खिडकीबाहेर बघत बसायच्या. मला त्या शिष्ट वाटायच्या.

आणि मला हवे होते धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी. आगरी लग्नात भटजी येण्याआधीपासून जी बाई मांडव हातात घेते ती धवलारीण. तेलवणाला, हळदीला, मुहूर्तमेढीला ती गाते आणि बाकीच्या बायका तिच्यामागून सूर ओढतात. आता सगळीकडे डीजे आहे, आणि गाणाऱ्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात. त्या गावात एकच होती. साठी उलटलेली, उंच, नऊवारी गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेली, आणि आवाज असा की मांडवाच्या बाहेर उभ्या असलेल्या गाड्यांपर्यंत पोचायचा. मी तिला काकी म्हणायचे. ती मला बाय म्हणायची आणि रागावली की मास्तरीन.

पहिल्याच भेटीत मी मोबाइल पुढे करून म्हटलं, "काकी, एक म्हणून दाखवा." तिने माझ्याकडे असं बघितलं की मी मोबाइल पर्समध्ये ठेवला. मांडव नाही, हळद नाही, नवरा नाही, आणि धवला म्हणायचा? ते तिला अशुभ वाटायचं, आणि त्याहून जास्त मूर्खपणाचं वाटायचं. मग मी त्या हंगामात तिच्याबरोबर लग्नं हिंडले. ओळख ना पाळख, कुणाच्याही हळदीला जाऊन बसायचे. माझ्या मोबाइलच्या कव्हरवरची हळद शेवटपर्यंत निघाली नाही. मधेच शेजारच्या आळीत डीजे दणाणायला लागला की काकी थांबायची नाही, उलट चढ्या आवाजात गायची आणि मग पाणी पीत म्हणायची, "त्याला बटन हाय, मना नाय."

धवल्यात ती नावं घेते. देवांची घेते, कुळातल्या गेलेल्या माणसांची घेते, नवऱ्यामुलाच्या मामाचं, मेढ आणणाऱ्याचं, मांडव घालणाऱ्याचं, हळद दळणारीचं. लग्नघरातली बाई हळूच तिच्या कानाशी लागून एखादं राहिलेलं नाव सांगते आणि ते पुढच्या ओळीत येतं. ज्याचं नाव येतं तो माणूस कोपऱ्यात उभा असला तरी जरा ताठ होतो. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं. एकदा परतताना रस्त्यात मी तिला विचारलं की तुमचं नाव कुठे येतं. ती म्हणाली, "मी गानारी, माजा कसा येल? सगल्यांची नावा मी घेतंय. माजा घ्याला कोन हाय?" आणि थोडं चालल्यावर, माझ्याकडे न बघता, "बुकात लिवशील नं माजा नाव? आनि माज्या सासूचा. तिनंच शिकवला मना."

मी म्हटलं, "काकी, पहिल्याच ओळीत."

त्या वेळी ते मला अगदी साधं वाटलं. आमच्या विषयात गाणाऱ्याचं नाव लिहायचंच असतं. ते लिहिलं नाही तर चोरी केली म्हणतात.

पुढे सगळी प्रकरणं एकत्र करायला बसलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी माझी पानं वाचली आणि पहिल्या ओळीवरच बोट ठेवलं. "हे नाव काढावं लागेल."

मी भडकले. मी म्हटलं, तुमच्या रोग्यांची नावं तुम्ही झाका, माझ्या कलावंताचं नाव का झाकायचं? त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "मॅडम, ही बाई माझ्याही खोलीत येऊन गेली आहे. गावात धवलारीण एकच आहे. तुमच्या प्रकरणात तिचं नाव, लग्नाचं वय आणि सासूकडे शिकल्याची हकिगत आली, तर माझ्या प्रकरणात तेच वय आणि मुलंबाळं वाचून कुणालाही कळेल की ही तीच. तिने मला जे सांगितलं ते तिच्या घरातही कुणाला ठाऊक नाही." मी म्हटलं, मग तिला तुमच्या प्रकरणातून वगळा. त्या म्हणाल्या, तेही सरांना विचारून झालं होतं, पण आकडेवारीचे सगळे हिशेब पूर्ण होऊन गेले होते आणि संशोधनाच्या नीतिसमितीने प्रकल्पाला मंजुरी देतानाच सांगितलं होतं: प्रकल्प एक, संमतिपत्र एक, नियम एक. बायकांना वाचून दाखवलेल्या संमतिपत्रात लिहिलंच होतं की कुणाचं नाव छापलं जाणार नाही. काकीनेही त्यावर अंगठा दिला होता. वाचून दाखवलं होतं वाणिज्यच्या सरांनी, प्रमाण भाषेत, जेवायच्या आधी.

मी त्या बैठकीत खूप भांडले. अर्थशास्त्राचे सर प्रकल्पाचे प्रमुख, भला माणूस, त्यांना भांडण म्हटलं की घाम फुटतो. ते म्हणाले, "मॅडम, पुढच्या आवृत्तीत बघू." संशोधनाच्या अहवालाची पुढची आवृत्ती! आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत कपाटामागे अशा अहवालांचे गठ्ठे आहेत, त्यांच्या पहिल्या आवृत्तीची सुतळीसुद्धा कुणी सोडलेली नाही. निधीची मुदत संपत आली होती. पुस्तक छापलं गेलं. माझ्या प्रकरणाची पहिली ओळ झाली, 'खारेपाटातील एका धवलारणीकडून'. तिच्या नावाबरोबर सासूचं नावही गेलं.

प्रकाशनाला गावातल्या बायकांना बोलवायची कल्पना कुणाची होती देव जाणे. पाहुण्यांना शाल-नारळ, प्राचार्यांना शाल-नारळ, संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना शाल-नारळ, आणि बायकांना शेवटच्या रांगांमध्ये चहा-समोसा. काकी नवं लुगडं नेसून, अंबाड्यात अबोलीचा गजरा माळून आली होती. शेजारी तिची सून, बी.कॉम. झालेली, चटपटीत मुलगी. मी व्यासपीठावर बसले होते. भाषणं चालली असताना मला तिथून स्पष्ट दिसत होतं: काकी सुनेच्या मांडीवरच्या पुस्तकावर वाकली होती आणि सून पानं उलटत होती. पुढे गेली, परत मागे आली, मग शेवटून सुरुवात केली. त्या वेळी अर्थशास्त्राचे सर ज्ञानशाखांच्या संगमाबद्दल बोलत होते. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं आणि मी गेले नाही, कारण पुढचं आभारप्रदर्शन माझ्याकडे होतं. मी सगळ्यांची नावं घेऊन आभार मानले. गावातल्या भगिनींचे मानले ते नुसत्या भगिनी म्हणून.

नंतर ती पोर्चमध्ये भेटली. तिनेच मला वाट काढून दिली, "छापताना सुटला असंल गो." मी हो म्हणू शकले असते. पण तिच्याशी खोटं बोलायची माझी हिंमत झाली नाही. मी म्हटलं, "सुटलं नाही काकी, काढायला लागलं. नियम आहे. ह्या पुस्तकात कुणाचंच नाव छापायचं नाही."

"कशाचा नियम?"

"तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून."

तिने सुनेच्या हातातल्या पुस्तकाकडे बघितलं. मग म्हणाली, "पेपरात बायचा नाव कवा लपवतान, मना म्हाईत हाय. सून वाचून दाखवतं. बायवर कायतरी वंगाल झाला का लपवतान. माज्यावर काय झाला, मास्तरीन?"

सुनेने तिचा दंड धरला आणि त्या गेल्या. ते वाक्य मला तेव्हा जितकं लागलं तितकंच आज लिहितानाही लागतंय.

घरी येऊन मी ठरवलं की हे धवले घेऊन वेगळा लेख लिहायचा, फक्त माझा, एखाद्या वाङ्मयीन नियतकालिकात, तिच्या आणि तिच्या सासूच्या नावानिशी. नियम प्रकल्पाचा होता, माझ्या लेखाला तो लागू नव्हता. अहवाल एका बाजूला पडेल, लेख दुसऱ्या बाजूला. कोण कशाला दोन्ही ताडून बघतंय? लेख पूर्ण केला आणि पावसाच्या तोंडावर तिला दाखवायला गेले. ती पडवीत सुकट निवडत बसली होती. मी पहिली ओळ वाचून दाखवली. स्वतःचं नाव ऐकून तिचा हात थांबला. चेहरा क्षणभर असा उजळला की मला वाटलं, झालं, फिटलं सगळं.

मग तिने आत डोकावून बघितलं. सून विहिरीवर गेली होती. ती हळू आवाजात म्हणाली, "नको लिवू."

मी म्हटलं, "का?"

"सूनंनी बुक वाचून दाखवला. रोज थोरा थोरा. सगला." ती पुन्हा सुकट निवडायला लागली. "डाक्तरीनबायला मी जा बोल्लू, ता हाय त्याच्यान. सूनंला नाय कलला ती बाय कोन. ती बोल्ली, बिचारी कोन असंल ती. मी बोल्लू, असंल कोनतरी."

मी लेखाची पानं उलटी करून मांडीवर ठेवली.

"तू आता नाव नि लगनाची हकिकत लिवशील त धवलारीन म्हंजे मी. नि ती बाय म्हंजे पन मीच. सून शिकलेली हाय, दोनी बुका एका जागी ठेवल. डाक्तरीन बरोबर बोल्लेली."

"काकी, मी..."

"तुमी येगल्या येगल्या आल्या असत्या त बरा झाला असता," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. "तुना गानी दिली असती, तिला दुखना सांगला असता. ह्या बाजूचा त्या बाजूला कलला नसता. तुमी एका गारीत बसून आल्या."

चार विषयांनी मिळून काम केलं म्हणून आमचं किती कौतुक झालं होतं! निधी त्यासाठीच होता. आम्ही वेगवेगळे गेलो असतो तर तिचं गुपितही राहिलं असतं आणि नावही झालं असतं. मला ह्याची हळहळ वाटते, आणि राग कुणावर काढायचा तेच कळत नाही. डॉक्टरीणबाई चुकल्या नव्हत्या. उलट आमच्या चौघांत त्या एकट्याच असं काही होईल हे ओळखून होत्या. मी नंतर त्यांना जाऊन तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मलाही ते गाणं नावासकट हवं होतं हो," आणि चष्मा पुसत बसल्या.

निघताना काकीने माझ्याकडून शब्द घेतला. "मी गेल्यावर पन नको. सून हाय, नातवंडा हायेत." मी दिला. लेख तसाच पडून आहे.

गेल्या वर्षी परीक्षेच्या कामासाठी त्याच बाजूला जात होते. गावच्या नाक्यावर फ्लेक्स लागला होता, भावपूर्ण श्रद्धांजलीचा. मी रिक्षा थांबवून खाली उतरले. मला कुणी कळवलं नव्हतं, आणि कळवावं असं माझं त्या घराशी उरलंही काय होतं? फ्लेक्सवर तिचा फोटो होता, आधार कार्डावरचा असावा, घाबरल्यासारखा. फोटोखाली तिचं नाव, आडनावासकट, हातभर अक्षरांत. तिचं नाव छापलेलं मी पहिल्यांदा पाहत होते. त्याखाली शोकाकुल मंडळींची नावं, आणि कोपऱ्यात एका पुढाऱ्याचा, तिच्या फोटोहून मोठा, हात जोडलेला फोटो.

रिक्षावाला तरुण होता, वाट बघून कंटाळला असेल. त्याने विचारलं, "वलखीची व्हती का?"

"हो."

"काय करायची?"

मी फ्लेक्स पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. धवलारीण हा शब्द त्यावर कुठेच नव्हता. आमच्या पुस्तकात तिचे धवले आहेत आणि नाव नाही. इथे नाव होतं आणि धवले नव्हते. दोन्ही एका ओळीत लिहू शकेल अशी मी एकटीच होते, आणि मी तर शब्द देऊन बसले होते. मी त्याला म्हटलं, "काही नाही, ओळखीच्या होत्या," आणि रिक्षात जाऊन बसले.