दाराबाहेरचा ट्रॉम्बोन

अकरा कॅसेटींवर वाजवूनही एकाही माणसाच्या कानावर न पडलेला वादक अख्ख्या महाराष्ट्रात एकच झाला, आणि तो नेमका आमच्या हिचा मामा निघाला. मामा लग्नाच्या बॅन्डात ट्रॉम्बोन वाजवायचे. ट्रॉम्बोन म्हणजे लांब नळी पुढेमागे सरकवत फुंकायचं ते पितळी वाद्य. मूळचे देवळ्याचे. पंचवटीत बिऱ्हाड करून जन्म गेला तरी बोलणं गावचंच राहिलं. कॅसेटींच्या दिवसांत त्यांच्या बॅन्डाची रेकॉर्डिंगं व्हायची ती एका खोलीत, एका माइकवर. क्लॅरिनेटवाले मास्तर माइकसमोर, बाकीचे त्यांच्यामागे, आणि मामांचा आवाज सगळ्यांना गिळून टाकतो म्हणून मामा दाराबाहेर, जिन्यात. शिवाय दार लोटलेलं. झाली कारकीर्द!

पण अभिमान केवढा! पाहुणा आला रे आला की चहाच्या आधी कॅसेट. मामा कान टवकारून बसायचे. ‘‘आता ऐका हां, जावईबापू... आला! ...गेला.’’ मला कधी काही ऐकू आलं असेल तर शप्पथ. एकदा भिडेपोटी मी ‘‘हो हो, आला’’ म्हणालो, तर म्हणाले, ‘‘तो नाय ओ, तो खाली रिक्षाचा हॉर्न हाय.’’ अमेरिकेतल्या सुरुवातीच्या जॅझवाल्यांच्या तबकड्या भरतानाही ट्रॉम्बोनवाल्याला असंच लांब भिंतीशी उभं करत, असं मी कुठंतरी वाचलं होतं. ते सांगितल्यावर मामा आठवडाभर हवेत. ‘‘म्हंजे आपण अमेरिकेच्या लायनीतले!’’ मामींना त्यांनी हे इतक्यांदा ऐकवलं की त्या शेवटी वैतागून म्हणाल्या, ‘‘मग तिकडंच जाऊन ऱ्हा की!’’

वरातीत मात्र मामा सगळ्यांच्या पुढे, कारण नळी सरकवायला समोर मोकळी जागा लागते. एका नवरदेवाच्या काकांचा फेटा त्यांनी नळीनं उडवलेला मी या डोळ्यांनी पाहिलाय. ही सवय अंगात इतकी भिनली होती, की हातात वाद्य नसलं तरी मामा समोर दीड हात सोडूनच उभे राहायचे. बसची रांग असो, दवाखान्याची असो, रेशनची असो. त्या दीड हातात लोक खुशाल घुसायचे आणि मामा पुन्हा तेवढेच मागे सरकायचे. अहो, सकाळी गेलेला माणूस दुपारी रिकाम्या हातानं परत! आणि नळी हलकी सरकावी म्हणून तिला कोल्ड क्रीम लागायचं. हिची क्रीमची डबी मामांच्या घरून कधी भरलेली परत आली नाही.

गेल्या वर्षी मामांच्या गालात आतून फोड आला. जन्मभर तंबाखू चघळली होती, आम्ही ओरडून ओरडून थकलो होतो. कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, खालचा अर्धा जबडा काढावा लागेल. मामांनी एवढंच विचारलं, ‘‘मग वाजवता येईल का?’’

‘‘बाबा, आधी जेवता येतंय का ते बघू,’’ डॉक्टर म्हणाले.

बाहेर बाकावर बसल्यावर मामांनी माझा हात धरला. ‘‘जावईबापू, ऑपरेशनच्या आधी एक डाव माझं वाजवणं ऐकू येईल असं भरून द्या. न्हायतर मी गेल्यावर लोक म्हणतील, हा होता कुठं?’’ त्या कॅसेटींना इतकी वर्षं हसलो होतो, त्याची मला लाज वाटली.

गंगापूर रोडला एक स्टुडिओ ठरवला. आत गेल्या गेल्या मामा सवयीनं पुन्हा दाराकडे निघाले, तेव्हा स्टुडिओवाल्या बाईंनी त्यांना दंडाला धरून माइकसमोर आणलं. मामांनी घेतली ती पाठवणीची धून. नवरी सासरी निघताना वाजवायला मास्तरांनी ती स्वतः बांधली होती, पण कॅसेटवर यायच्या आधीच मास्तर वारले. मामांनी डोळे मिटले. चार खोल, लांबलेले सूर आले, मग शांतता. पुन्हा तीन सूर, शेवटचा खाली खाली घसरत गेलेला. पुन्हा शांतता. सात मिनिटं हेच. संपलं तेव्हा त्यांचा रुमाल लाल झाला होता.

‘‘मामा, गाणं कुठाय?’’ मी विचारलं.

‘‘गाणं क्लॅरिनेटचं असतंय. मास्तरांचं.’’

‘‘अहो, पण मास्तर आता नाहीत! तुम्हीच वाजवायचं ना!’’ मी चक्क ओरडलो.

‘‘बॅन्डात दुसऱ्याचा भाग घेत नसतात, जावईबापू. त्यांच्यासाठी जागा सोडली ना मी.’’

दुसऱ्यांदा वाजवण्याइतकं तोंड शिल्लक राहिलं नव्हतं. पुढच्या सोमवारी अर्धा जबडा काढला.

महिन्याभरानं मामा घरी आले. जेवण नाकातल्या नळीतून, आणि बोलणं बंद. रेकॉर्डिंग माझ्या मोबाइलवर होतं, पण लावायचा धीर होईना. एवढं एकच मागितलं होतं माणसानं, आणि मी भरून आणली ती निम्मी शांतता. शेवटी मामांनीच मोबाइलकडे बोट केलं. मी लावलं. मामी कोथिंबीर निवडत होत्या, त्यांचे हात थांबले. मी ओशाळून म्हणालो, ‘‘मामी, यात गाणं नाहीये हो. नुसता मामांचा भाग आहे.’’

‘‘नाय कसं?’’ मामी म्हणाल्या. ‘‘चाळीस वरसं घरी हेच तर वाजवायचे. आम्ही बाया कुठं जायचो बॅन्डामागं? मला तर हेच गाणं म्हायती.’’

मामा त्यांच्याकडे बघतच राहिले. मग मला खूण केली, पुन्हा लाव. त्या दुपारी आम्ही ते किती वेळा ऐकलं कोण जाणे.

उन्हाळा सरता सरता मामा गेले. आम्ही सगळे हळूहळू आपापल्या कामाला लागलो. मामी मात्र रोज दुपारी ते लावून बसतात. मधली शांतता आली की घरात आलेल्या माणसाला वाटतं संपलं, आणि तो बोलायला तोंड उघडतो. मामी त्याच्यावर डोळे वटारतात. ‘‘थांबा जरा. गाणं चालू हाय.’’